परदेशीं शिकावयास जातांना : इंग्रजीची परीक्षा व प्रवेशाचें निवेदन

गणपति उठले कीं पुण्या-मुंबईच्या कित्येक सुशिक्षित घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षांत असते. पुढील शिक्षण इंग्लंडांत, अमेरिकेंत किंवा ऑस्ट्रेलियांत घ्यावें असें ठरत आलेलें असतें. वडील बँकेकडे कर्जाची चौकशी करूं लागतात, आई तिकडे गेलेल्या ओळखीच्या मुलांचे पत्ते जमवूं लागते, आणि घरांतील टेबलावर जाडजूड इंग्रजी पुस्तकें येऊन पडतात. तीं विद्यार्थ्याच्या विषयाचीं नसतात. तीं असतात इंग्रजी भाषेच्या परीक्षेचीं. बारा-पंधरा वर्षें इंग्रजी शिकलेल्या, पुष्कळदां त्याच माध्यमांतून शिकलेल्या मुलानें आपणांस इंग्रजी येतें हें पुन्हां सिद्ध करून दाखवावें, याचें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस नवल वाटतें आणि क्वचित् रागही येतो. परंतु तो राग फार दिवस टिकत नाहीं. परीक्षेची फी भरावयाची असते, आणि २०२५ च्या सुमारास ती सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरांत होती. नापसंत गुण पडले तर तेवढीच रक्कम पुन्हां.

अशा परीक्षा आजकालच्या नव्हेत. परकीयांचें इंग्रजी तपासण्यासाठीं केंब्रिज विद्यापीठानें पहिली परीक्षा १९१३ सालीं घेतली. ती मुख्यतः परदेशांतील शाळांत इंग्रजी शिकवूं इच्छिणाऱ्यांसाठीं होती. तिला तीन उमेदवार बसले. सुमारें बारा तासांच्या त्या परीक्षेंत भाषांतर होतें, व्याकरण होतें, निबंध होता, ध्वनिशास्त्र होतें, श्रुतलेखन व संभाषणही होतें. तिन्ही उमेदवार नापास झाले! ती परीक्षा भाषेच्या पांडित्याची होती. पुढें अमेरिकन विद्यापीठांकडे परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला, तेव्हां १९६४ मध्यें टोफेल ही परीक्षा सुरू झाली. आणि इंग्लंडांत १९८० मध्यें निघालेल्या एका परीक्षेचें रूपांतर १९८९ मध्यें आयेल्ट्स या परीक्षेंत झालें. ह्या दोहोंचा रोख पांडित्यावर नाहीं. अध्यापकाचें व्याख्यान उमेदवारास कळेल काय, नेमलेला ग्रंथ त्यास ठरावीक वेळांत वाचतां येईल काय, आपलें म्हणणें तो नीट मांडूं शकेल काय, एवढेंच त्या विचारतात. हा फरक ध्यानांत न आल्यामुळें शाळेंत इंग्रजींत पहिला येणारा मुलगाही कधीं कधीं येथें ठेंचाळतो.

आयेल्ट्सचेंच उदाहरण घ्यावें. तिचे चार भाग आहेत : ऐकणें, वाचणें, लिहिणें आणि बोलणें. प्रत्येक भागास शून्यापासून ९ पर्यंत गुण मिळतात, तेही अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यानें. आणि चारांची सरासरी काढून एकूण गुण ठरतो. सरासरी सव्वासहा आली तर ती साडेसहा धरितात, पावणेसात आली तर सात. इतकी उदारता परीक्षकांपाशीं आहे. परंतु पुष्कळ विद्यापीठें एकूण साडेसहा मागून वर असेंही सांगतात कीं, कोणत्याही एका भागांत सहाच्या खालीं चालणार नाहीं. त्यामुळें लिहिण्यांतील दुबळेपणा वाचनांतील बळानें झांकतां येत नाहीं, आणि तयारी करणारास चारही आघाड्यांवर लक्ष ठेवावें लागतें.

ऐकण्याच्या भागांत चार ध्वनिमुद्रणें व ४० प्रश्न असतात. प्रत्येक ध्वनिमुद्रण एकदांच ऐकवितात. हुकलें तें हुकलें. पहिलें संभाषण अगदीं साधें असतें. कोणी खोली भाड्यानें घेण्याची चौकशी करतो, कोणी एखाद्या वर्गांत नांव नोंदवितो. त्यांत पत्ता, आंकडा, एकेक अक्षर सुटें करून सांगितलेलें आडनांव, अशा गोष्टी टिपावयाच्या असतात. पण गोम नेमकी येथेंच आहे. इंग्रज माणूस ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांतील भेद शेवटच्या ‘न’ वर सोडीत नाहीं. पहिल्यांत तो उत्तरार्धावर जोर देतो, दुसऱ्यांत पूर्वार्धावर. मराठी कान हा जोर ओळखावयास शिकलेला नसतो, कारण मराठी शब्दांत जोराच्या जागेवर अर्थ अवलंबून नसतो. शिवाय बोलणारा मध्येंच आपलें म्हणणें फिरवितो : आधीं मंगळवार म्हणतो, मग वही पाहून गुरुवार सांगतो. ज्यानें मंगळवार लिहून पेन्सिल खालीं ठेविली, त्याचा गुण गेला. शब्दाचें स्पेलिंग चुकलें तरीही उत्तर चूकच. यावर उपाय एकच, तो म्हणजे रोज कांहीं वेळ इंग्रजी बातम्या व भाषणें कान देऊन ऐकणें, आणि ऐकलेलें लिहून काढणें. नभोवाणी ऐकण्याची संवय असलेल्या घरांस हें अवघड वाटूं नये.

वाचनाच्या भागांत तीन लांब उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटें. यांतला एक प्रश्नप्रकार असा आहे कीं, त्यानें हुषार मुलांसही रडविलें आहे. एक विधान दिलेलें असतें, आणि तें उताऱ्यास धरून खरें आहे, खोटें आहे, कीं त्याविषयीं उताऱ्यांत कांहींच सांगितलेलें नाहीं, हें ठरवावयाचें असतें. समजा, उताऱ्यांत म्हटलें आहे कीं मुंबईची ट्राम १९०७ सालीं विजेवर चालूं लागली. आणि विधान आहे कीं त्यापूर्वीं ट्राम घोडे ओढीत असत. मुंबईच्या मुलानें आजोबांकडून ऐकलेलें असतें कीं घोड्यांच्याच ट्रामी होत्या. तो बेधडक ‘खरें’ असें लिहितो, आणि चुकतो. उताऱ्यानें घोड्यांचें नांवही काढलेलें नाहीं, म्हणून उत्तर ‘सांगितलेलें नाहीं’ हेंच. येथें ज्ञानाची परीक्षा नसून वाचनाची आहे. जो स्वतःस ठाऊक असलेलें घटकाभर बाजूस ठेवूं शकतो, त्यालाच हा प्रश्न साधतो. बहुश्रुत मुलांस तो अधिक जड जातो, ही थोडी गमतीचीच गोष्ट म्हणावयाची.

लिहिण्यासाठीं ६० मिनिटें असतात व दोन कामें असतात. पहिल्यांत एखादा आलेख किंवा कोष्टक देऊन त्याचें वर्णन किमान १५० शब्दांत मागतात; दुसऱ्यांत एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचें वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून वीस व चाळीस मिनिटें अशी वांटणी करणें शहाणपणाचें. आलेखावर लिहितांना आमच्या मुलांचा हात कारणें शोधूं लागतो. एखाद्या देशांत चहाचा खप कमी झालेला दिसला कीं, लोकांस कॉफीची गोडी लागली असावी, महागाई वाढली असावी, असे तर्क सुरू होतात. आलेखांत जें नाहीं तें लिहूं नये, असा येथला शिरस्ता आहे. एकंदर चित्र काय दिसतें तें आधीं दोन वाक्यांत सांगावें, मग ठळक आंकडे घेऊन त्यांची तुलना करावी, इतकेंच काम.

निबंधाची अडचण याहून खोल आहे. शाळेंत निबंध म्हटला कीं सुभाषितानें आरंभ, मध्यें दोन्ही बाजूंची गोड गोड मांडणी, आणि शेवटीं ‘सारांश, दोन्हींचा समन्वय साधला पाहिजे’, हा सांचा मुलांच्या हाडीमांसीं खिळलेला असतो. परीक्षक मात्र सरळ विचारतो : हें मत तुम्हांस कितपत मान्य आहे? त्यास उत्तर हवें असतें, आणि तें पहिल्याच परिच्छेदांत हवें असतें. नंतरच्या प्रत्येक परिच्छेदांत एकच मुद्दा, त्याचें कारण, आणि एखादें खरेंखुरें उदाहरण. परीक्षक चार बाजूंनीं लेखन जोखतो. प्रश्नास उत्तर मिळालें काय, विचारांची सांखळी जुळली काय, शब्दसंग्रह कसा आहे, आणि व्याकरण कितपत विविध व शुद्ध आहे. ह्या चारांना सारखेंच वजन आहे. व्याकरणावर सारी भिस्त ठेवून महिनेच्या महिने काळांचे तक्ते घोकणाऱ्यास हें कळलें तर त्याचे पुष्कळ श्रम वांचतील. तथापि मराठी माणसाचीं कांहीं दुखणीं ठरलेलींच आहेत. मराठींत उपपद नाहीं, म्हणून ‘ए’ आणि ‘द’ हे चिमुकले शब्द एक तर गळतात, नाहीं तर नको तेथें घुसतात. आणि आपला ‘च’ कोठें ठेवावा हें न उमगून वाक्याच्या शेपटीला ‘ओन्ली’ लागतें.

तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. आधीं घरदार, अभ्यास, आवडीनिवडी यांची विचारपूस होते. मग एका चिठीवर विषय देऊन एक मिनिट विचार करावयास आणि दोन मिनिटेंपर्यंत सलग बोलावयास सांगतात. शेवटीं त्याच विषयास धरून चर्चा. उच्चार साहेबासारखा असला पाहिजे, ही समजूत निराधार आहे. मराठी वळणाच्या उच्चाराला कोणी गुण कापीत नाहीं. बोलणें ऐकणाऱ्यास विनासायास कळलें पाहिजे, एवढीच अट. ‘फोटोग्राफ’ या शब्दांत जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणतांच तो दुसऱ्यावर सरकतो. असे शंभर-दोनशें नेहमींचे शब्द शब्दकोशांत पाहून जोरासकट म्हणण्याचा सराव केला, तर खोटा विलायती हेल काढण्यापेक्षां त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

या सर्वांसाठीं शिकवणीचे वर्ग निघाले आहेत. त्यांतील कांहीं उत्तम आहेत. कांहीं मात्र तयार परिच्छेदांचीं बाडें विद्यार्थ्यांच्या हातीं देतात. कोणत्याही विषयास लावतां येईल असा आरंभ, कोणत्याही विषयास शोभेल असा शेवट; मधली जागा तेवढी परीक्षेच्या दिवशीं भरावयाची. परीक्षकानें असले शेंकडों आरंभ वाचलेले असतात, आणि पाठ केलेला मजकूर ओळखण्याचें शिक्षणच त्यास दिलेलें असतें. तोंडी परीक्षेंत तर तो लागलाच उघडा पडतो. पाठ केलेलें वाक्य घोड्यासारखें दौडतें, पुढील स्वतःचें वाक्य लंगडत येतें.

आतां परीक्षेचा गुण कितीही चांगला पडला, तरी त्यानें फक्त दार ठोठावण्याचा अधिकार मिळतो. आंत कोण आलें आहे व कशासाठीं, हें सांगण्याचें काम निवेदनाचें. या बाबतींत महाराष्ट्रापाशीं एक जुनें उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जून महिन्यांत अमेरिकेस पोंचल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. इंग्रजीच्या परीक्षा तेव्हां नव्हत्या. त्यांचें इंग्रजी घरीं पतीच्या धाकांत सुरू झालें, आणि न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंस कित्येक महिने लिहिलेल्या लांबलचक पत्रांतून तें घडत गेलें. त्या पत्रांत सणवार होते, चालीरीती होत्या, घरांतील दुखणींबाणीं होतीं, मतभेदही होते. निघण्यापूर्वीं, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत, श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत ‘आपण अमेरिकेस कां जात आहों’ याचा जबाब त्यांनीं जमलेल्या लोकांसमोर इंग्रजींतून दिला होता. म्हणजे प्रवेशाचा अर्ज लिहावयास बसण्यापूर्वीं तो प्रश्न त्यांस पुष्कळांनीं, आणि कांहींनीं तर टोंचून, विचारलेला होता. आणि त्याचें उत्तर त्यांच्या मनांत पक्कें मुरलें होतें.

मग त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहिलें. आप्तेष्टांचा व जातीचा एकवटलेला विरोध मोडून आपण येथवर आलों, तो निर्धार पुढील अभ्यासासही उपयोगी पडेल; पुरुष वैद्याकडून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठीं ही विद्या हवी आहे; आणि प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित् आपणांकडून पुऱ्या होणार नाहींत, तरी आपलें प्रकरण अपवादात्मक समजून सवलत मिळावी, असा त्या पत्राचा आशय आहे. उणीव त्यांनीं झांकली नाहीं. उलट, ती सांगून टाकून जें आपणांपाशीं आहे त्याकडे बोट दाखविलें. त्यांस प्रवेश मिळाला, आणि १८८६ च्या मार्चमध्यें पदवीही मिळाली.

आजचीं निवेदनें छापील चौकटींत लिहावीं लागतात. अमेरिकेंतील पुष्कळ महाविद्यालयांच्या पदवीपूर्व प्रवेशासाठीं कॉमन ॲप या सामाईक अर्जांत ६५० शब्दांपर्यंत निबंध लिहावयाचा असतो. इंग्लंडांत यूकॅस या संस्थेमार्फत अर्ज जातो; त्यांतील वैयक्तिक निवेदनास ४,००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि २०२६ च्या प्रवेशापासून तें सलग न ठेवतां तीन प्रश्नांत विभागलें आहे. हा विषय कां हवा, आजवरच्या अभ्यासानें त्याची काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय तयारी केली, असे ते प्रश्न आहेत. पदव्युत्तर शिक्षणास जाणाऱ्याकडून प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्र हेतुनिवेदन मागतें. मुलें त्यास एस्. ओ. पी. म्हणतात.

ह्या निवेदनांविषयीं यूकॅसनें २००७ मध्यें एक तपासणी केली. सुमारें ५०,००० निवेदनें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां असें आढळलें कीं, २३४ उमेदवारांनीं एकच हकीकत सांगितली आहे : आठव्या वर्षीं रसायनाच्या खेळण्याशीं प्रयोग करतांना पायजम्यास भोंक पडलें! इतक्या मुलांचे पायजमे एकाच वयांत जळणें शक्य नव्हतें. नमुना म्हणून ठेवलेल्या एका निवेदनांतून ती सर्वांनीं उचलली होती. आपल्याकडे पायजमा जळत नाहीं, पण ‘लहानपणापासून मला यंत्रें उघडून पाहण्याची आवड होती’ हें वाक्य त्याच जातीचें आहे. तें खोटें असतें असें नव्हे. तें कोणाचेंही असूं शकतें, हा त्याचा दोष.

समजा, सांगलीची एक मुलगी स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन जलविज्ञानाच्या उच्च शिक्षणास जाऊं पाहत आहे. पहिल्या खर्ड्यांत ती लिहिते कीं पाणी हें जीवन आहे, भारत हा शेतीप्रधान देश आहे, आणि आपणांस समाजाची सेवा करावयाची आहे. खर्डा शुद्ध आहे, पण त्यांत ती कोठेंच नाहीं. मग कोणी शहाणें माणूस तिला विचारतें, २०१९ च्या ऑगस्टमध्यें तुमच्या घरीं काय झालें? त्यावर ती सांगूं लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फुटांवर आहे, धोक्याची ४५ वर. त्या आठवड्यांत पाणी ५७ फुटांवर चढलें. रात्रभर घरचीं माणसें दर तासाचा आंकडा विचारीत होतीं आणि माळ्यावर सामान चढवीत होतीं. कोयनेंतून किती सोडलें, वारणेचें किती आलें, खालीं अलमट्टींत किती अडलें, यावर शेजाऱ्यांत भांडणें लागलीं होतीं. पण उद्यां पाणी कोठवर येईल हें कोणास नक्की सांगतां येत नव्हतें. पुढें पदवीच्या शेवटच्या वर्षीं तिनें त्याच नदीच्या पातळीचे जुने आंकडे घेऊन प्रकल्प केला, आणि तिचा अंदाज चुकला. कां चुकला, हें शिकविणारे अध्यापक ज्या विद्यापीठांत आहेत, तेथें तिला जावयाचें आहे. एवढें सांगून झालें म्हणजे निवेदन जवळजवळ लिहून झालेंच असतें. चुकलेल्या प्रकल्पाचा उल्लेख गाळावा, असें घरचीं माणसें सुचवितील. तो गाळूं नये. त्यावांचून शिकावयास जाण्याचें कारणच उरत नाहीं.

घरच्या माणसांचा विषय निघालाच आहे, तर एक सांगावयास हवें. मुलाचा खर्डा वडिलांच्या हातीं पडला कीं त्यांतले साधे शब्द जाऊन भारदस्त शब्द येतात. काका बँकेंत अधिकारी असले तर कचेरीचें इंग्रजी येतें. मग दलालाच्या कचेरींत त्यावर आणखी हात फिरतो. २०२२ च्या अखेरीपासून तर लिहून देणारीं यंत्रेंही घरोघर आलीं आहेत, आणि तीं क्षणार्धांत निर्दोष इंग्रजी देतात. शब्द सुचविणें, चूक दाखविणें इतपत मदत कोणाचीही घेतां येईल. परंतु जें निवेदन मुलानें लिहिलेंच नाहीं, त्याविषयीं मुलाखतींत प्रश्न आला म्हणजे त्याची काय अवस्था होते, हें पाहणाऱ्यास दया येते. आयेल्ट्सच्या लेखनांत सहा गुण आणि निवेदनांत मात्र पंडिती इंग्रजी, ही विसंगतीही वाचणाऱ्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. नक्कल हुडकून काढण्याची यूकॅसची व्यवस्था आहे, आणि संशय आल्यास विद्यापीठास कळविलें जातें. शिफारसपत्राची गोष्टही अशीच. अध्यापकास वेळ नाहीं म्हणून विद्यार्थ्यानेंच तें लिहावें आणि त्यांनीं सही करावी, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. मग तिन्ही शिफारसपत्रें व निवेदन एकाच माणसानें लिहिल्यासारखीं वाटतात, कारण तीं तशींच लिहिलेलीं असतात. त्यापेक्षां अध्यापकास महिनाभर आधीं भेटून, आपण त्यांच्या वर्गांत काय केलें याचें टिपण द्यावें, आणि लिहिण्याचें काम त्यांच्यावर सोंपवावें.

वेळेचा हिशेब उलट बाजूनें मांडलेला बरा. ऑक्सफर्ड-केंब्रिज व वैद्यकाच्या अर्जांची यूकॅसकडील मुदत ऑक्टोबरच्या मध्यांत संपते. अमेरिकेंतील बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारींत असतात. म्हणून इंग्रजीची परीक्षा पावसाळ्यांतच उरकावी. तिचा निकाल दोन वर्षें ग्राह्य धरितात, तेव्हां लवकर दिल्यानें कांहीं बिघडत नाहीं. एखाद्याच भागांत गुण कमी पडले, तर तेवढाच भाग ६० दिवसांच्या आंत पुन्हां देण्याची सोय २०२३ पासून भारतांत झाली आहे. पण ती संगणकावर दिलेल्या परीक्षेपुरतीच, आणि प्रत्येक विद्यापीठ तो निकाल मान्य करतेंच असें नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. नांव नोंदवितांना आपलें, वडिलांचें व आडनांव ज्या क्रमानें व ज्या स्पेलिंगानें पासपोर्टावर असेल, त्याच क्रमानें घालावें. आणि परीक्षेच्या दिवशीं तो पासपोर्ट, नक्कल नव्हे तर मूळ, बरोबर न्यावा.